धर्मादाय द्रव्य आणि लष्करी वारसा : ‘त्रिंकोमाली’ युद्धनौकेच्या अनुषंगाने

१

‘धर्मादाय’ हा शब्द उच्चारला असता मराठी भाषकाच्या मनात अन्नछत्र, पाणपोई, धर्मशाळा, पाठशाळा, दवाखाना अशी एक ठरावीक चित्रमालिका उभी राहते. धर्मकार्यासाठी वेगळे काढून ठेवलेले द्रव्य हा त्या शब्दाचा रूढ अर्थ आहे. या चित्रमालिकेत युद्धनौका, तोफा, पलटणींची निशाणे किंवा पदके यांना सहसा स्थान मिळत नाही. ब्रिटनमध्ये मात्र लष्करी संग्रहालयांचा फार मोठा भाग याच प्रकारच्या द्रव्यावर उभा आहे. संहाराची साधने जतन करणे हे धर्मादाय कार्य केव्हा आणि कोणत्या मार्गाने ठरले, त्या द्रव्याने कोणत्या वस्तू वाचल्या व कोणत्या बुडाल्या, आणि ज्या गावांत या वस्तू ठेवल्या गेल्या त्या गावांना त्यातून काय लाभले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात एका नौकेच्या आधारे केला आहे. ही नौका मुंबईच्या गोदीत बांधलेली असल्यामुळे मराठी अभ्यासकाला या प्रश्नात परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

इंग्लंडमधील धर्मादायविषयक कायद्याची परंपरा इ. स. १६०१ च्या अधिनियमापासून सांगण्याचा प्रघात आहे. राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीतील या अधिनियमाच्या प्रास्ताविकात धर्मादाय कार्यांची एक यादी दिलेली आहे. वृद्ध, दुर्बल व दरिद्री यांचे पोषण, विद्यालयांना साहाय्य, पूल व बंदरे यांची दुरुस्ती ही कार्ये तीत येतात. आणि त्यांच्याच पंक्तीला व्याधिग्रस्त व जायबंदी सैनिक आणि खलाशी यांचा निर्वाह हेही कार्य येते. येथे सैनिकाचा प्रवेश होतो तो दयेचा विषय म्हणून, गौरवाचा विषय म्हणून नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुढे १८९१ मध्ये पेम्सेल खटल्याच्या निर्णयात धर्मादाय कार्यांचे चार वर्ग मानण्यात आले : दारिद्र्यनिवारण, विद्याप्रसार, धर्मप्रसार आणि लोकोपयोगी अशी इतर कार्ये. लष्करी संग्रहालयांना दीर्घकाळ आश्रय मिळाला तो यांपैकी दुसऱ्या व चौथ्या वर्गाचा. इंग्लंड व वेल्स यांना लागू असलेल्या २००६ च्या अधिनियमात मात्र वारशाचे संवर्धन आणि सशस्त्र दलांच्या कार्यक्षमतेची वृद्धी ही दोन्ही कार्ये स्वतंत्रपणे नमूद झाली. जखमी सैनिकाच्या पोटापासून सैन्याच्या स्मृतीपर्यंतचा हा प्रवास चार शतकांचा आहे. कायद्याने या प्रवासाला मान्यता दिली. परंतु तो घडविला तो व्यक्तींनी, विश्वस्तांनी आणि काही प्रसंगी अपयशांनी.

२

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत ब्रिटिश आरमाराला ओक लाकडाचा तुटवडा जाणवू लागला, तेव्हा मुंबईच्या गोदीचे महत्त्व वाढले. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्यापासून या गोदीतील मुख्य बांधणीकाराचे काम त्याच घराण्याकडे चालत आले होते. मलबारी सागवान आरमारी कामासाठी उत्तम ठरले होते. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘कॉर्नवॉलिस’ ही नौका १८१३ मध्ये पाण्यात उतरली. चीनवर लादला गेलेला १८४२ चा नानकिंगचा तह याच नौकेवर झाला.

‘त्रिंकोमाली’ ही लेडा वर्गातील फ्रिगेट. तिचे आराखडे मुंबईकडे येत असता १८१२ मध्ये ‘जावा’ या नौकेबरोबर नष्ट झाले. ही नौका अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने झुंजीत पाडाव केली होती. आराखड्यांची दुसरी प्रत मागवावी लागली. पारशी रीतीप्रमाणे नौकेच्या तळकण्यात चांदीचा खिळा ठोकून जमशेटजींनी काम सुरू केले, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली. तोवर युद्ध संपून दोन वर्षे झाली होती. १८१९ मध्ये ती इंग्लंडला पोचली आणि जवळजवळ पाव शतक राखीव म्हणून नुसती बांधून ठेवण्यात आली. १८४७ नंतर तिने प्रथम उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या समुद्रात आणि नंतर पॅसिफिकमध्ये सेवा केली. १८६० च्या दशकात प्रशिक्षणनौका म्हणून ती ईशान्य इंग्लंडमधील वेस्ट हार्टलपूल या बंदरात आली. या गावाशी तिचा पहिला संबंध तो असा.

नौकेचे नावही येथे विचारात घेण्याजोगे आहे. श्रीलंकेतील ज्या बंदरावरून ते घेतले, त्याचे तमिळ नाव ‘तिरुकोणमलै’ असे आहे. तमिळ नावाचे इंग्रजी जिव्हेने घडविलेले रूप मुंबईत पारशी बांधणीकाराने बांधलेल्या सागवानी नौकेवर कोरले गेले. लष्करी वारसा कोणाचा, हा प्रश्न पुढे उपस्थित व्हावयाचा होता. त्याचे बीज या नामकरणातच आहे.

३

१८९७ मध्ये आरमाराने ही नौका मोडीत विकली. तिला वाचविणारी व्यक्ती जेफ्री व्हीटली कॉब ही होय. कॉब यांनी यापूर्वी नेल्सनची एक जुनी नौका ‘फुद्रॉयाँ’ विकत घेऊन मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरात आणली होती. ती जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. तिच्या जागी त्यांनी ‘त्रिंकोमाली’ घेतली व गत नौकेच्या स्मरणार्थ तिला ‘फुद्रॉयाँ’ हेच नाव दिले. पुढे १९९२ पर्यंत मुंबईत बांधलेली ही नौका फ्रेंच नावाने वावरली.

कॉब यांच्या उपक्रमाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. जुनी नौका केवळ जुनी म्हणून सांभाळण्याला तत्कालीन धर्मादाय कल्पनेत स्थान नव्हते. तरुणांना शिस्त व नौकानयन शिकविण्याला मात्र होते. म्हणून वारशाचे जतन विद्यादानाच्या आश्रयाने झाले. ही युक्ती फलदायी ठरली, परंतु ती एका व्यक्तीच्या द्रव्यावर व हयातीवर अवलंबून होती. १९३१ मध्ये कॉब निवर्तले, आणि या मर्यादेची किंमत पुढे एका दुसऱ्या नौकेला मोजावी लागली.

ती नौका म्हणजे ‘इम्प्लॅकेबल’. मूळची फ्रेंच ‘द्युगे त्रुएँ’, ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रेंच बाजूने लढलेली, नंतर ब्रिटिशांच्या हाती आलेली. १९१२ पासून ती कॉब यांच्या ताब्यात होती आणि ‘फुद्रॉयाँ’च्या जोडीने प्रशिक्षणकार्यात वापरली जात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची अवस्था इतकी खालावली की दुरुस्तीचा खर्च कोणत्याही देणगीदाराच्या आवाक्यात राहिला नाही. युद्धाने पोळलेल्या सरकारी तिजोरीतून त्यासाठी पैसा निघाला नाही. अखेर २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटिश व फ्रेंच अशी दोन्ही निशाणे लावून ती समुद्रात बुडविण्यात आली. तिची शिरोमूर्ती ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात राहिली. या घटनेचा लोकमतावर खोल परिणाम झाला. ‘इम्प्लॅकेबल’चे नाव पुढील पिढ्यांत नौकाजतनाच्या चळवळीला इशाऱ्यासारखे झाले. एकट्या दात्याचे औदार्य हे संस्थेचे स्थान घेऊ शकत नाही, हा त्या इशाऱ्याचा अर्थ.

४

युद्धोत्तर काळात जतनाच्या द्रव्याची नवी व्यवस्था दोन दिशांनी उभी राहिली. पहिली दिशा शासनाची. १९४६ मध्ये अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी राष्ट्रीय भूमिनिधीची स्थापना केली. युद्धातील शिल्लक सामग्री विकून आलेल्या पैशातून ५ कोटी पौंड या निधीत घालण्यात आले, आणि युद्धात कामी आलेल्यांचे स्मारक म्हणून देशातील निसर्ग व वास्तू यांचे रक्षण करावे असा त्याचा हेतू सांगण्यात आला. शस्त्रसामग्रीच्या विक्रीतून शांततेचे स्मारक, ही कल्पना उदात्त होती. परंतु निधी फारसा वापरला गेला नाही, आणि १९५७ मध्ये कोषागाराने त्यातील मोठा हिस्सा परत घेतला. शासनाच्या हाताखाली असलेला निधी शासनाच्या गरजेपुढे टिकत नाही, हा अनुभव तेथे आला. म्हणूनच १९८० मध्ये कायद्याने जो राष्ट्रीय वारसा स्मारक निधी निर्माण झाला, तो स्वतंत्र विश्वस्तांच्या हाती देण्यात आला. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय सोडत सुरू होऊन तिच्या उत्पन्नाचा वारशासाठीचा हिस्सा याच विश्वस्तांकडे सोपविण्यात आला. सोडतीचा पैसा हा काटेकोर अर्थाने दान नव्हे. तिकीट घेणारा मनुष्य बक्षिसाच्या आशेने ते घेतो. तथापि लष्करी संग्रहालयांच्या इतिहासात १९९४ नंतर या पैशाएवढा प्रभाव दुसऱ्या कोणत्याही स्रोताचा पडलेला नाही.

दुसरी दिशा खाजगी न्यासांची. भूदलाच्या पलटणी १८८१ च्या पुनर्रचनेत निरनिराळ्या परगण्यांशी जोडल्या गेल्या होत्या. त्यामुळे पलटणीचे संग्रहालय हे एका अर्थी गावाचे संग्रहालयही असे. या विखुरलेल्या संग्रहालयांना आधार देण्यासाठी कर्नल ओगिल्बी यांच्या देणगीतून १९५४ मध्ये एक न्यास स्थापन झाला. १९५७ नंतर पलटणींच्या विलीनीकरणाची लाट आली, तेव्हा या न्यासाची आवश्यकता अधिकच पटली : पलटण नाहीशी झाली की तिच्या वस्तूंना वाली उरत नाही.

नौकांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो सर जॉन स्मिथ यांचा मॅनिफोल्ड न्यास. १८६० मध्ये पाण्यात उतरलेली ‘वॉरियर’ ही लोखंडी कवचाची प्रसिद्ध युद्धनौका १९२९ पासून वेल्समध्ये तेलवाहू जहाजांचा तरंगता धक्का म्हणून पडून होती. १९७९ मध्ये ती हार्टलपूलला आणण्यात आली, आणि मुख्यतः मॅनिफोल्ड न्यासाच्या पैशातून तिचा जीर्णोद्धार तेथे झाला. १९८७ मध्ये ती पोर्टस्मथला रवाना झाली.

या निवडीचा अर्थ गावाच्या आर्थिक इतिहासावाचून कळत नाही. हार्टलपूल हे जहाजबांधणीचे गाव. तेथील प्रख्यात विल्यम ग्रे यांचा कारखाना १९६० च्या दशकाच्या आरंभी बंद पडला. पुढे १९७७ मध्ये पोलादाच्या उद्योगालाही मोठा तडाखा बसला. बेकार झालेल्या हातांत कसब शिल्लक होते, आणि रिकाम्या गोदीत जागा होती. न्यासाने दिलेल्या पैशाने त्या हातांना आठ वर्षे काम मिळाले. तथापि या कामाचे फळ असलेली नौका मात्र दक्षिणेकडे निघून गेली. गावाकडे उरली ती जुनी जहाजे पुन्हा उभी करण्याची विद्या.

५

त्याच १९८७ साली ‘फुद्रॉयाँ’ तरफ्यावर चढवून पोर्टस्मथहून हार्टलपूलला आणण्यात आली. आदल्या वर्षी तिचे प्रशिक्षणकार्य संपले होते. ‘वॉरियर’मुळे जमलेले कारागीर गावात उपलब्ध होते, हे ती तेथे येण्याचे मुख्य कारण. १९९० च्या सुमारास जीर्णोद्धारास प्रारंभ झाला व २००१ मध्ये तो पूर्ण झाला. खर्च एक कोटी पौंडांवर गेला. त्यात सोडतीच्या निधीचा वाटा होता, न्यासांच्या व व्यक्तींच्या देणग्या होत्या. १९९२ मध्ये नौकेला तिचे मूळ नाव परत देण्यात आले आणि तिच्या न्यासानेही तेच नाव धारण केले. मूळ सागवानाचा निम्म्याहून अधिक भाग शाबूत निघाला. मुंबईच्या गोदीतील कामाला दिलेले यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र नाही. पोर्टस्मथची ‘व्हिक्टरी’ वयाने मोठी असली तरी ती १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत ‘त्रिंकोमाली’ सर्वांत जुनी आहे.

नौकेभोवती १९९४ मध्ये जुन्या काळच्या धक्क्याची प्रतिकृती उभारण्यात आली. ओसाड गोदीचे रूपांतर पर्यटनस्थळात झाले. २०१६ मध्ये हे संग्रहालय आरमाराच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या व्यवस्थेत सामील झाले. गावाला याचा लाभ झाला हे निर्विवाद आहे. परंतु त्या लाभाचे मोजमाप सावधपणे केले पाहिजे. जहाजबांधणीच्या कारखान्याने जितक्या कुटुंबांना पोसले तितक्यांना संग्रहालय पोसू शकत नाही. संग्रहालयाने गावाला उद्योग परत दिला नाही. उद्योगाची प्रतिष्ठा काही अंशी परत दिली. या दोन गोष्टींत गल्लत केली, तर धर्मादाय द्रव्याकडून ज्या अपेक्षा ते पुऱ्या करू शकत नाही त्या केल्या जातात, आणि पुढील निराशेचे खापर वारशावर फुटते.

६

याच परिसरातील दोन उदाहरणे या व्यवस्थेच्या मर्यादा स्पष्ट करतात. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन नौकांनी हार्टलपूलवर तोफांचा मारा केला. शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्या दिवशी किनाऱ्यावरील ज्या तोफखान्याने प्रत्युत्तर दिले, त्याच्या नावाचा स्थानिक उच्चार ‘यफ’ असा आहे. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीतील थिओफिलस जोन्स हा सैनिक तेथे मारला गेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश भूमीवर शत्रूच्या माऱ्याने मृत्यू पावलेला तो पहिला सैनिक मानला जातो. या तोफखान्याचे संग्रहालय एका छोट्या न्यासाच्या व स्वयंसेवकांच्या बळावर चालते. देखणी नौका दात्यांना सहज दिसते. गावाच्या शोकाची जागा तितकी सहज दिसत नाही. गावकऱ्यांच्या आठवणीत जिचे स्थान अधिक, तिला द्रव्य कमी, असा हा व्यस्त संबंध आहे.

दुसरे उदाहरण जोन्सच्याच पलटणीचे. डरहॅम लाइट इन्फन्ट्री १९६८ मध्ये विलीन झाली आणि त्याच वर्षी डरहॅम येथे तिचे संग्रहालय उघडले. संग्रहाचे विश्वस्त एक आणि इमारत चालविणारी परगणा परिषद दुसरी, अशी तेथील व्यवस्था होती. शासकीय काटकसरीच्या वर्षांत परिषदेला वार्षिक खर्च डोईजड झाला व २०१६ मध्ये संग्रहालय बंद करण्यात आले. कुटुंबांनी विश्वासाने दिलेली पदके भांडारात गेली. परगण्यात तीव्र नाराजी पसरली. २०२४ मध्ये नव्या अभिलेखागाराबरोबर संग्रहाच्या प्रदर्शनाची सोय पुन्हा झाली. संग्रह नष्ट झाला नाही, कारण त्याला विश्वस्त होते. तो आठ वर्षे आपल्या जुन्या घराला मुकला, कारण घराला स्वतःचे उत्पन्न नव्हते.

येथे या सर्व इतिहासाचा मर्मबिंदू सापडतो. दाते व न्यास सामान्यतः उभारणीसाठी देतात, चालविण्यासाठी देत नाहीत. जीर्णोद्धाराला आरंभ व अंत असतो, त्यावर नामफलक लावता येतो. पहारेकऱ्याचे वेतन, छपराची गळती आणि लाकडाची कीड यांना अंत नसतो. २०१२ मध्ये ‘व्हिक्टरी’साठी गॉस्लिंग प्रतिष्ठानाने अडीच कोटी पौंड दिले आणि संरक्षण खात्याने तेवढीच रक्कम घातली. हे प्रतिष्ठान सर डोनाल्ड गॉस्लिंग यांचे. तारुण्यात आरमारात साधा खलाशी असलेल्या या गृहस्थांनी मोटारी उभ्या करण्याच्या जागांच्या व्यवसायात संपत्ती मिळविली होती. नौकेची मालकीही त्याच वर्षी एका स्वतंत्र न्यासाकडे सोपविण्यात आली, म्हणून हे दान कायम व्यवस्थेशी जोडले गेले. असे दान विरळा.

७

‘त्रिंकोमाली’च्या जन्मगावी काय घडले, हे पाहिल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. १९७१ च्या युद्धात कामगिरी केलेली ‘विक्रान्त’ ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत होती. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ती बंद झाली. तिचे कायम संग्रहालय करण्याची योजना आर्थिकदृष्ट्या पेलणारी नाही असे ठरले, न्यायालयीन प्रयत्नही निष्फळ ठरले, आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना विकली जाऊन ती मोडण्यात आली. १९४९ च्या ‘इम्प्लॅकेबल’ची पुनरावृत्ती ६५ वर्षांनी मुंबईत झाली असे म्हणावे लागते.

याचे कारण मुंबईत दातृत्व नव्हते असे नाही. वाडिया घराण्याच्याच नावाने १९२० च्या दशकात परळ येथे प्रसूतिगृह व बालरुग्णालय उभे राहिले. कायद्याचीही अडचण नव्हती. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात दारिद्र्यनिवारण, शिक्षण व वैद्यकीय साहाय्य यांच्या जोडीला सामान्य लोकोपयोगाची अन्य कार्येही धर्मादाय मानलेली आहेत. संग्रहालय त्यांत सहज बसते. अडचण होती ती धर्मादायाच्या रूढ चित्राची. जिथे रुग्णशय्या अपुऱ्या आहेत तिथे लोखंडी नौकेवर पैसा का खर्चावा, हा प्रश्न मुंबईच्या दात्याने विचारला असल्यास तो क्षुल्लक म्हणता येणार नाही. १६०१ च्या यादीचा आशयही तोच होता. लष्करी वारशाच्या पुरस्कर्त्यांना या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे, आणि ते उत्तर पराक्रमाच्या वर्णनाने देता येत नाही.

ते उत्तर हार्टलपूलच्या इतिहासात अंशतः सापडते. तेथे द्रव्याने प्रथम माणसांच्या हातांना काम दिले, त्या हातांनी नौका वाचविली, आणि नौकेने गावाला आपल्या कसबाचे साक्षीपत्र दिले. या क्रमात धर्मादायाचा जुना अर्थ लोपत नाही, विस्तारतो. परंतु नौकेच्या सागवानावर ज्यांची हत्यारे चालली, त्या मुंबईच्या सुतारांची व लोहारांची नावे जमशेटजींच्या नावासारखी लोकांच्या तोंडी राहिली नाहीत. जतन झालेल्या वस्तूकडून तिच्या कर्त्यांकडे जाणारा मार्ग शोधणे हे काम न्यासांच्या द्रव्याने होणारे नाही. मुंबईच्या गोदीची दप्तरे, पारशी घराण्यांचे कागद आणि कोकणी व गुजराती कारागिरांची परिभाषा यांच्या आधारे ते काम येथील विद्यापीठांनीच अंगावर घेतले पाहिजे.